गाडी घाटात अडकली की...

आमच्या गावाचं नाव सांगितलं, की समोरच्याचा चेहरा लगेच खुलतो. "अय्या, खंडाळा? म्हणजे लोणावळा-खंडाळा? किती छान हो!" मग मला सांगावं लागतं, की बाई गं, ते थंड हवेचं खंडाळा वेगळं. आमचं खंडाळा सातारा जिल्ह्यातलं, खंबाटकी घाटाच्या पायथ्याचं. इथे कुणी हवा खायला येत नाही. इथून लोक फक्त जातात, आणि सुट्टीच्या दिवसांत तेही जाता येत नाही म्हणून थांबतात!

जोडून सुट्ट्या आल्या, की "खंबाटकी घाटात वाहतूक कोंडी" ही बातमी ठरलेलीच. दिवाळी, नाताळ, मे महिना, गणपती. सण बदलतो, बातमी तीच. मुंबई-गोवा महामार्गाचं काम २०११ पासून रखडत गेलं, तसे कोकणात निघालेले कितीतरी चाकरमानीही पुणे-सातारा रस्त्याने जाऊ लागले. पूर्वी ज्याला आपण चार नंबरचा हायवे म्हणायचो आणि आता जो ४८ नंबरचा झाला, त्या रस्त्यावर हा सगळा भार पडतो. घाटाला पर्याय म्हणून प्रत्येकी तीन पदरी असे दोन नवे बोगदे हाती घेतले गेले. पण एवढी वर्षं या घाटाने माणसांना काय शिकवलं, ते मात्र पेपरात येत नाही. कोंडीची बातमी गाड्यांची असते. गाडीच्या आत बसलेल्या माणसांची कधी नसते.

तर आतली गोष्ट सांगते. मागे एका दिवाळीच्या सुट्टीत आम्ही कोल्हापूरला अंबाबाईच्या दर्शनाला निघालो होतो. गाडी हे चालवत होते, शेजारी सासूबाई. मागे मी, माझी नववीतली मुलगी आणि आजोळी आलेला नणंदेचा आठ वर्षांचा मुलगा. घरापासून घाट जेमतेम दहा मिनिटांवर. त्या दिवशी घाट पार करायला अडीच तास लागले!

पहिला अर्धा तास भाचा मोबाइलवर गेम खेळत होता. मुलीच्या कानात इअरफोन. मला वाटलं, बरं झालं, शांतता आहे. मग वळणावर भाच्याला मळमळायला लागलं. पिशवी पुढे करेपर्यंत व्हायचं ते झालं. त्यानंतर मोबाइलची बॅटरी संपली, आणि खरा तमाशा सुरू झाला. त्याने पट्टा काढला, दोन सीटांच्या मध्ये येऊन उभा राहिला, मामाच्या खांद्यावर हात मारून "कधी पोहोचणार?" सुरू. यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. पुढे शंभर गाड्या उभ्या असताना हॉर्न कुणाला ऐकवायचा, हे त्यांनाही माहीत नव्हतं. मी मुलावर ओरडले, हे माझ्यावर ओरडले. देवदर्शनाला निघालेलं कुटुंब होतं हे!

त्या वेळी सासूबाई म्हणाल्या, "अरे, गावांच्या भेंड्या लावू या. मी सुरू करते. शिरवळ!"

भाचा म्हणाला, "आजी, ळ वरून गावच नसतं." मग नियम ठरला, ळ आला की ल घ्यायचा. लोणंद, दहिवडी, डफळापूर, रहिमतपूर, रेठरे. तासाभरात सातारा-सांगली जिल्हा पालथा घातला. वाईनंतर मुलगी म्हणाली, इस्लामपूर. आता २०२५ मध्ये त्याचं ईश्वरपूर झालं, तरी आमच्या भेंड्यांचं काही अडत नाही! भाच्याने पट्टा कधी लावला, मला कळलंसुद्धा नाही. यांचा हॉर्नही थांबला.

मुलं शांत आणि मुलं सुरक्षित

घरी आल्यावर मी यावर पुष्कळ विचार केला. आपण गाडीतल्या खेळांना टाइमपास म्हणतो. पण त्या दिवशी त्या भेंड्यांनी काय केलं? एका मुलाला जागेवर, पट्ट्यात बसवलं आणि गाडी चालवणाऱ्याचं डोकं थंड ठेवलं. ही दोन्ही कामं साधी नाहीत.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते आणि त्यांनी पट्टा लावला नव्हता, असं पोलिसांनी सांगितलं. त्यानंतर महिनाभर सगळीकडे मागच्या सीटच्या पट्ट्याची चर्चा होती. मोटार वाहन कायद्यात २०१९ ला झालेल्या दुरुस्तीप्रमाणे, चौदा वर्षांखालचं मूल पट्ट्याशिवाय किंवा मुलांसाठीच्या खास सीटशिवाय बसवलं, तर एक हजार रुपये दंड आहे. पण मैत्रिणींनो, दंडाच्या भीतीने आठ वर्षांचं मूल तीन तास एका जागी बसत नाही. ते कंटाळलं की पट्टा काढणारच. म्हणून कंटाळा घालवणं हाही सुरक्षिततेचाच भाग आहे.

यावर कुणी म्हणेल, मोबाइल दिला की काम भागतं. भागतं, पण थोडाच वेळ. घाटात मोबाइल पाहताना डोळ्यांसमोरची वस्तू स्थिर असते आणि शरीराला मात्र वळणं जाणवत असतात. हा मेळ बसत नाही म्हणून मळमळतं. नजर खिडकीबाहेर, दूरवर ठेवली की त्रास कमी होतो. म्हणजे बाहेर बघायला लावणारा खेळ हे ओकारीवर औषधही आहे, आणि तेही बिनपैशाचं!

आमचे खेळ

त्यानंतर आमच्या घरात गाडीतले खेळ ठरूनच गेले. तुमच्या उपयोगी पडतील म्हणून सांगते.

पहिला नंबरप्लेटचा. समोरच्या गाडीचे आकडे बघून गाव ओळखायचं. एमएच ११ सातारा, १२ पुणे, १० सांगली, ०९ कोल्हापूर, ५० कराड, १३ सोलापूर हे मुलांना दोन दिवसांत पाठ होतात. ०७ दिसली की सिंधुदुर्ग, ०८ म्हणजे रत्नागिरी. केए २२ आली तर बेळगाव. आपल्या गावाची गाडी सोडून जो जास्त जिल्हे मोजेल तो जिंकला. कोंडीत हा खेळ सगळ्यात रंगतो, कारण गाड्या हलतच नाहीत!

दुसरा नद्यांचा. पुण्याहून कोल्हापूरला जाताना शिरवळच्या अलीकडे नीरा लागते आणि पुणे जिल्हा संपतो. पुढे भुईंजजवळ कृष्णा, साताऱ्याला वेण्णा, मग उरमोडी, उंब्रजला तारळी, कराडला कोयना, नंतर वारणा आणि शेवटी पंचगंगा. पूल यायच्या आधी जो नदीचं नाव सांगेल त्याला एक गुण. माझ्या भाच्याला भूगोलात नद्या कधी पाठ झाल्या नाहीत, त्या एका प्रवासात झाल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये याच पंचगंगेच्या पुराने शिरोलीजवळ महामार्ग कित्येक दिवस बंद पडला होता, जुलै २०२१ मध्ये पुन्हा. नदीचं नाव माहीत असलं, की अशी बातमीही मुलांना कळते.

तिसरा खेळ सासूबाईंचा, गोष्ट पुढे न्यायचा. एकीने एक वाक्य सांगायचं, दुसऱ्याने पुढचं. खंडाळा तालुक्यातल्या नायगावात ३ जानेवारी १८३१ ला सावित्रीबाई फुले जन्मल्या. शिरवळ आलं की आम्ही तिथून गोष्ट सुरू करतो, "नायगावात एक मुलगी होती..." पुढे प्रत्येक जण तिला आपल्या मनाप्रमाणे कुठे कुठे घेऊन जातो. एकदा भाच्याने तिला एसटीची ड्रायव्हर केली होती!

चौथा कोड्यांचा. यात अट एकच, कोडं स्वतः तयार केलेलं हवं. आमच्या मुलीने केलेलं सांगते. "तोंडं दोन, पोट एक, दिवसभर गाड्या गिळतो, तरी उपाशीच." उत्तर अर्थातच बोगदा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचा नियम. गाडी चालवणारा खेळात नाही. त्याला कोडं घालायचं नाही, "तुम्ही सांगा ना" म्हणायचं नाही, मागे वळून बघायला लावायचं नाही. घाट लागला आणि गाडी चालू असली, की आमच्याकडे "मुका घाट" सुरू होतो. वर पोहोचेपर्यंत जो बोलला तो बाद. आमच्या घाटाने हे शिकवलं आहे. सातारकडून येणारा जुना बोगदा संपला की खंडाळ्याच्या बाजूला जे नागमोडी वळण लागतं, तिथे १० एप्रिल २०१८ च्या पहाटे कर्नाटकातल्या मजुरांना कामावर आणणारा टेम्पो उलटला आणि १८ जीव गेले. त्यांत बायका होत्या, मुलं होती. टेम्पोत सामानाबरोबर बसलेल्या त्या माणसांना कसला पट्टा आणि कसला खेळ? आपल्याला स्वतःची सीट, पट्टा आणि खिडकी मिळते, हे आपलं नशीब. त्या वळणावर मी अजूनही गप्प बसते.

पण हे काम कुणाचं?

आता थोडं आपल्याबद्दल. प्रवासात डबा कुणी भरायचा, ओकारीची पिशवी कुणी ठेवायची, सासूबाईंच्या गोळ्या कुणी द्यायच्या, मुलांना कुणी रमवायचं? सगळं बाईनेच. "तू मागे बस, मुलांकडे बघ," हे वाक्य प्रत्येक गाडीत ऐकू येतं. परत आल्यावर सगळे म्हणतात, ट्रिप छान झाली, आणि ती बिचारी पाठ टेकायला जागा शोधते. बचत गटाच्या बैठकीत मी हा विषय काढला तेव्हा एक मैत्रीण म्हणाली, "ताई, मी प्रवासात खिडकीतून बाहेर कधी बघितलंच नाही. बघायला वेळ कुठे असतो?" हसलो आम्ही सगळ्या, पण मनाला लागलं.

म्हणून खेळ लावायचा तो सगळ्यांनी. एक खेळ आजीचा, एक मुलीचा, एक मुलाचा. आईनेही खेळायचं, नुसती पंच होऊन बसायचं नाही.

दुसरी गोष्ट खेळाने सुटणारी नाही. अडीच तास घाटात अडकलं की पुरुष गाडीतून उतरून कडेला जातात. बाईने कुठे जायचं? म्हणून आपण काय करतो, तर निघाल्यापासून घोटभर पाणीही पीत नाही. वयस्कर बायका, गरोदर मुली, पाळी चालू असलेल्या मुली सगळ्या तशाच बसून असतात. कोंडी दरवेळी त्याच दिवसांत होते, हे सगळ्यांना माहीत आहे. मग त्या दिवसांपुरती तरी घाटाच्या आधी बायकांसाठी स्वच्छतागृहं, पाणी, बंद पडलेली गाडी हलवायला क्रेन आणि रुग्णवाहिकेला मोकळी वाट ठेवता येणार नाही का? टोल आपणही भरतो ना? खेड-शिवापूरला भरतो, आनेवाडीला भरतो. राष्ट्रीय महामार्गावर अडचण आली तर १०३३ आणि तातडीच्या मदतीसाठी ११२ हे नंबर मोबाइलमध्ये ठेवा, आणि तक्रार करायला लाजू नका. बाईने स्वच्छतागृहाची तक्रार केली तर त्यात लाज कसली?

आमच्या तालुक्यातून दरवर्षी एक मोठा प्रवास जातो, माउलींच्या पालखीचा. नीरेला स्नान होतं, लोणंदला मुक्काम पडतो. आळंदी ते पंढरपूर एवढी वाट लोक पायी चालतात. लोणंदला आमच्या बायका वारकऱ्यांना भाकरी-पिठलं वाढायला जातात, तेव्हा मी बघते. चालून पाय सुजलेल्या म्हाताऱ्या बायका, पण विसावा मिळाला की पदर खोचून फुगडी घालतात. कुणी अभंग म्हणतं, कुणी टाळ वाजवतं. त्यांतल्या एकीला मी विचारलं होतं, "मावशी, कंटाळा येत नाही का हो एवढं चालून?" ती म्हणाली, "कंटाळा एकट्याला येतो बाई. आम्ही काय एकट्या हाय?"

त्यांना जे चालताना जमतं, ते आपल्याला गादीच्या सीटवर बसून का जमू नये? आमच्या गाडीत पाच माणसं होती आणि भेंड्या सुरू होईपर्यंत पाचही एकटी होती. एक मोबाइलमध्ये, एक इअरफोनमध्ये, एक हॉर्नवर, एक पिशवी धरून आणि एक नुसती पुढे बघत.

तेव्हा या सुट्टीत कुठे निघालात तर डब्याबरोबर चार खेळही ठरवून घ्या. पट्टे लावा, चालवणाऱ्याला खेळातून सुट्टी द्या आणि खिडकीजवळची जागा एकदा तरी स्वतः घ्या. आणि आमच्या घाटात अडकलात, तर डाव्या-उजव्या बाजूच्या गाड्यांचे नंबर मोजायला लागा. एमएच ११ दिसली तर हात हलवा. कोण जाणे, आत मीच असेन!