पर्वतीपासून देव्हाऱ्यापर्यंत

माझी मावशी पुण्यात सदाशिव पेठेत एकटीच राहायची. मावसभाऊ अमेरिकेत. रोज पहाटे पर्वती चढायची, हा तिचा पंच्याहत्तरीपर्यंतचा नेम. मग एकदा म्हणाली, "पायऱ्या नकोशा वाटतात रे, हल्ली सारसबागेतल्या गणपतीलाच जाते." वर्षभराने सारसबागही सुटली, कोपऱ्यावरचा मारुती पुरेसा झाला. पुढे घरातला देव्हारा. आम्ही म्हणायचो, "वय झालं, चालायचंच." आणि एका सकाळी ती न्हाणीघरात पडली. खुब्याचे हाड मोडले. ती पुन्हा पहिल्यासारखी चाललीच नाही.

पर्वतीपासून देव्हाऱ्यापर्यंतचा हा प्रवास दोन-तीन वर्षे आमच्या डोळ्यांदेखत चालला होता. तो दिसला मात्र कुणालाच नाही.

डॉक्टर या अवस्थेला 'फ्रेल्टी' म्हणतात. आपण म्हणू, गात्रे थकणे. हा एखादा रोग नव्हे. शरीराची शिल्लक संपत येणे आहे. २००१ साली अमेरिकेत डॉ. लिंडा फ्रीड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिच्या पाच खुणा सांगितल्या : नकळत वजन घटणे, सतत थकवा, हाताची पकड सैल होणे, चाल मंदावणे आणि हालचाल कमी होणे. यांपैकी तीन किंवा अधिक दिसल्या की माणूस या अवस्थेत पोचला. एक-दोन दिसल्या तर उंबरठ्यावर आहे. महत्त्वाची गोष्ट अशी, की उंबरठ्यावरून मागे फिरता येते. योग्य व्यायाम आणि पुरेशा प्रथिनांचा आहार यांनी अनेकजण सावरतात. पण त्यासाठी वेळीच कळायला हवे.

वेळीच कळायचे कसे? युरोपीय संघाच्या मदतीने २०१५ ते २०१८ या काळात 'सिटी फॉर एज' नावाचा एक प्रकल्प झाला. अथेन्स, बर्मिंगहॅम, लेचे, माद्रिद, माँपेलिए आणि सिंगापूर या सहा शहरांत त्याचे प्रयोग झाले. कल्पना साधी होती. शहरातल्या आणि घरातल्या लहान-मोठ्या यंत्रांतून म्हाताऱ्या माणसाच्या वावराची नोंद मिळू शकते. ती त्याच्याच मागच्या वावराशी ताडून पाहायची. बाहेर पडणे कमी झाले, चाल मंदावली, तर वेळीच लक्ष घालायचे. रोज पाहणाऱ्या डोळ्याला न दिसणारा हळूहळू होणारा बदल आकड्यांना दिसतो. मावशीची पर्वती सुटली तेव्हा नेमके हेच व्हायला हवे होते.

आपल्याकडे २०१५ च्या जूनमध्ये स्मार्ट सिटी अभियान सुरू झाले. त्यात शंभर शहरे निवडली गेली, पुणेही त्यात होते. शंभरही शहरांत नियंत्रण कक्ष उभे राहिले. २०२५ च्या मार्चमध्ये अभियानाची मुदत संपली, पण पडदे आणि कॅमेरे आहेतच. मग ज्येष्ठांसाठी त्यांचा उपयोग का करू नये?

इथे मला मावशीच आठवते. ती पडल्यावर भावाने तिच्या खोलीत कॅमेरा बसवला. दुसऱ्या दिवशी त्यावर टॉवेल वाळत घातलेला! "मी काय दुकानातला माल आहे, नजर ठेवायला?" म्हणाली. तिचे काय चुकले? काळजी आणि पाळत यांच्यामधली भिंत फार पातळ असते, आणि ती संमतीची असते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा २०२३ चा आपला कायदाही संमतीवरच भर देतो. पण ती मुलाने आईच्या वतीने परस्पर द्यायची नसते. शिवाय आईची चाल मंदावल्याची नोंद उद्या विमा कंपनीच्या टेबलावर जाणार नाही, याची हमी कोण देणार?

सिंगापूरने याच तंत्राचा एक वेगळा उपयोग केला. तिथे २००९ पासून काही सिग्नलांवर ज्येष्ठ नागरिकाने आपले सवलतीचे कार्ड टेकवले, की रस्ता ओलांडायला काही सेकंद जास्त मिळतात. सिग्नल आखताना माणूस सेकंदाला सुमारे १.२ मीटर चालतो असे धरण्याची पद्धत आहे. बारा मीटरचा रस्ता दहा सेकंदांत पार. पण थकलेला माणूस ०.८ मीटरनेच चालतो. त्याला पंधरा सेकंद लागतात. मधल्या पाच सेकंदांत त्याने भर रस्त्यात काय करायचे? पर्वती एकदम सुटत नाही. आधी पर्वतीकडे जाणारा रस्ता सुटतो. इथे कार्ड कधी टेकवायचे ते म्हातारा माणूस स्वतः ठरवतो, आणि शहर त्याच्यासाठी थांबते.

म्हणून मला यंत्रे नकोत असे नाही. ती हवीत, पण ज्याच्यासाठी आहेत त्याला विचारून. आणि इशारा मिळाल्यावर दार वाजवायला माणूस हवा : आरोग्यसेविका, व्यायाम शिकवणारा, निदान शेजारी. नाहीतर नियंत्रण कक्षातल्या पडद्यावर लाल दिवा लागेल आणि इकडे मावशी न्हाणीघरात पडलेली असेल.

आमच्या शेजारी एक आजोबा राहतात. हल्ली भेटले की मी "तब्येत कशी आहे?" असे विचारत नाही, त्याला "ठीक" हे उत्तर ठरलेले. मी विचारतो, "आजोबा, आज कुठवर गेला होतात?" गेल्या आठवड्यात म्हणाले, "कोपऱ्यापर्यंत." महिन्यापूर्वी बागेपर्यंत जात होते. दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. अर्थात, त्यांना विचारूनच.