कुंडलिकेपलीकडचे हबसाण : सिद्दी स्त्री, तिचे केस आणि इतिहासाचे मौन

१/१४
रोह्यावरून वाहणारी कुंडलिका रेवदंड्यापाशी समुद्राला मिळते. तिची खाडी ही जंजिरा संस्थानाची उत्तर सीमा होती. खाडीपलीकडच्या मुलखाला मराठी कागदपत्रांत नाव होते हबसाण, म्हणजे हबशांचा, आफ्रिकेतून आलेल्या माणसांचा मुलूख. या नावातला पुरुष इतिहासाला परिचित आहे. स्त्री मात्र अपरिचित राहिली. हा थ्रेड तिच्याविषयी आणि तिच्या केसांविषयी आहे.

२/१४
केस हा इतिहासाचा विषय होऊ शकतो का, असा प्रश्न कोणी विचारील. मराठी समाजाने तो विचारण्याचे कारण नाही. विधवेचे केशवपन ही येथली रूढी होती. १८९० मध्ये नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईच्या न्हाव्यांनी सभा भरवून विधवांच्या डोक्याला वस्तरा न लावण्याचा निर्धार केला. स्त्रीचे केस ही तिची खाजगी बाब नसून त्यांवर समाज हक्क सांगतो, हे त्या वस्तऱ्याने कधीच सिद्ध केले होते.

३/१४
कृष्णवर्णीय स्त्रीच्या बाबतीत हा हक्क रूढीवर न थांबता कायद्यापर्यंत गेला. १७८६ मध्ये न्यू ऑर्लिन्स येथे स्पॅनिश गव्हर्नर एस्तेबान मिरो याने स्वतंत्र कृष्णवर्णीय स्त्रियांना केस रुमालाने झाकण्याचा हुकूम दिला. त्यांची केशभूषा वर्णाची उतरंड मोडते, असे सत्तेला वाटत होते. स्त्रियांनी रुमाल बांधले, पण इतके रंगीत आणि डौलदार, की कमीपणाची खूण तीच मिरवण्याची वस्तू झाली.

४/१४
एकोणिसाव्या शतकात वंशशास्त्राने केसांच्या जातीवरून माणसांचे वर्ग पाडले. सरळ केस एका वर्गात, ‘लोकरीसारखे’ केस दुसऱ्या वर्गात. माणसाच्या केसांना मेंढीची उपमा देणारी ही परिभाषा शास्त्र म्हणून शिकवली गेली. तिचे फळ दक्षिण आफ्रिकेत दिसले. १९५० च्या लोकसंख्या नोंदणी कायद्यानंतर तेथे ‘पेन्सिल चाचणी’ रूढ झाली. केसांत खोवलेली पेन्सिल खाली पडली तर माणूस गोरा ठरू शकत होता, अडकली तर नाही. एकाच घरातली भावंडे अशा कसोट्यांवर वेगळ्या वर्णांत टाकली गेली.

५/१४
अमेरिकेत गुलामगिरी संपली तरी केसांचा जाच संपला नाही. नोकरी हवी, मान हवा, तर केस सरळ करा, हा अलिखित नियम राहिला. तापवलेल्या कंगव्यांनी आणि तीव्र रसायनांनी पिढ्यान्‌पिढ्या केस सरळ केले गेले. १९६० च्या दशकात नैसर्गिक केस तसेच वाढवणे हीच राजकीय भूमिका ठरली. तरीही केसांवरून शाळेत वा नोकरीत भेदभाव करू नये, असा कायदा कॅलिफोर्नियात होण्यास २०१९ साल उजाडावे लागले.

६/१४
आता पुन्हा खाडीकाठी. आफ्रिकेतून माणसे दख्खनमध्ये आणि कोकणात आली ती प्रामुख्याने गुलाम म्हणून, आणि पुढे पुष्कळ जण सैनिक झाले. गुलाम म्हणून विकला गेलेला मलिक अंबर निजामशाहीचा कर्ता पुरुष झाला. जंजिऱ्याचे सिद्दी तर राज्यकर्तेच होते. त्यांचे संस्थान १९४८ पर्यंत टिकले. अमेरिकेच्या मळ्यांतील गुलामगिरीपेक्षा ही कथा निराळी आहे, आणि तो फरक पुसून टाकणे अनैतिहासिक होईल.

७/१४
पेण-रोह्याच्या पट्ट्याला सिद्दी भेटला तो शत्रू म्हणून. सतराव्या शतकात सिद्दीचे आरमार मुंबईच्या बंदरात पावसाळा काढी आणि पेण-नागोठण्याच्या खाडीकाठी लुटालूट करी. १७३६ मध्ये रेवसजवळच्या लढाईत चिमाजीअप्पांनी सिद्दी सात याला पाडले. ही वैराची आठवण खरी आहे. गावे जळली, माणसे धरून नेली गेली. परंतु राज्यकर्त्याशी असलेले वैर एका संपूर्ण वंशाच्या देहावर चिकटले, हेही तितकेच खरे आहे.

८/१४
त्याची साक्ष भाषा देते. ‘हबशी’ हा शब्द मुळात हबश, म्हणजे ॲबिसिनिया, या देशनामावरून आला. मराठीत तो काळ्या, दांडग्या माणसाला हिणवण्याचा शब्द झाला. केसांचेही तसेच. सरळ, लांबसडक केसांना ‘केशसंभार’ म्हणायचे. दाट कुरळ्या, आखूड केसांना ‘राठ’, ‘झिपऱ्या’, ‘पिंजारलेले’. ही विशेषणे निसर्गाने दिलेली नाहीत.

९/१४
मग हबसाणातील आफ्रिकी वंशाच्या स्त्रिया कुठे आहेत? मलिक अंबरची चित्रे मुघल चित्रकारांनी काढली. खुलताबादेत त्याच्या कबरीजवळ त्याची पत्नी बीबी करीमा हिची कबर आहे, पण तिचा चेहरा कोणत्याही परिचित चित्रात नाही. जंजिऱ्याची सर्वांत परिचित स्त्री म्हणजे नाझली बेगम. तिने १९०८ च्या युरोप प्रवासाचे वर्णन लिहिले. पण ती मुंबईच्या फैजी या बोहरा घराण्यातून सून म्हणून आलेली होती. राजवाड्यातील दाया, दासी, सिद्दी शिपायांच्या बायका आणि मुली कागदावर जवळजवळ उमटल्याच नाहीत.

१०/१४
येथे एक आक्षेप संभवतो. कृष्णवर्णीय स्त्रीच्या केसांचा प्रश्न अमेरिकेचा. तो कोकणावर लादू नये. आक्षेपात तथ्य आहे, कारण येथे रुमालाचा हुकूम निघाला नाही, पेन्सिलही कोणी खोवली नाही. पण राज्य करणाऱ्या मूठभर पुरुषांच्या वैभवावरून साऱ्या समाजाची स्थिती ठरवता येत नाही. सिद्दी पुरुषाला तलवारीच्या जोरावर मान मिळवण्याची वाट होती. स्त्रीला ती नव्हती. तिची ओळख तिच्या देहावरूनच होत राहिली.

११/१४
आजचे उदाहरण दूरचे नाही. उत्तर कन्नड जिल्ह्यात यल्लापूर, हल्याळ, मुंडगोड परिसरात सिद्दी समाज राहतो. त्यातील अनेकांचे पूर्वज गोव्याच्या पोर्तुगिजांकडून निसटून रानात शिरले, असे मानले जाते. घरात कोकणी, मराठी, कन्नड बोलणाऱ्या या लोकांना आपल्याच देशात ‘तुम्ही कोणत्या देशाचे?’ हा प्रश्न ऐकावा लागतो. तो प्रश्न विचारणाऱ्याची नजर आधी केसांवर आणि कातडीवर गेलेली असते. त्यांची भाषा ऐकण्याइतका धीर तिला नसतो.

१२/१४
याच स्त्रिया जुन्या कपड्यांचे तुकडे जोडून ‘कवंदी’ नावाच्या गोधड्या शिवतात आणि चारही कोपऱ्यांना घड्यांचे ‘फूल’ लावतात. या गोधड्या आज कलादालनांत मांडल्या जातात. गुजरातेतील जांबूरच्या सिद्दी कार्यकर्त्या हिराबाई लोबी यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. हातांच्या कामाचा गौरव झाला, हे योग्यच झाले. पण त्याच हातांनी रोज विंचरलेल्या केसांना ‘नीट’ म्हणण्याची तयारी समाजाने अजून दाखवलेली नाही.

१३/१४
‘तेल लावून दोन घट्ट वेण्या’ हा महाराष्ट्रातील असंख्य शाळांचा शिरस्ता घ्या. तो लांब, सरळ केस गृहीत धरतो. दाट गुंडाळीच्या केसांत टाळूचे तेल टोकापर्यंत उतरत नाही. ते कोरडे होतात, ओढून विंचरले तर तुटतात. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असेही दिसले की असे केस डोक्याला उन्हापासून अधिक वाचवतात. ज्या केसांनी माणसाला उन्हात तारले असावे, तेच अव्यवस्थितपणाचे लक्षण मानले गेले. शिरस्ता करणाऱ्याचा हेतू वाईट नसेलही. मोजपट्टी मात्र एकाच प्रकारच्या केसांवर बेतलेली आहे.

१४/१४
रेवदंड्यावरून खाडीपलीकडे पाहणाऱ्या तरुण इतिहासप्रेमीने म्हणून तीन गोष्टी कराव्यात. सिद्दी हा विषय तोफा आणि तटांपाशी संपवू नये. ‘हबशी’ हा शब्द ऐतिहासिक संज्ञा म्हणून वापरावा, शिवी म्हणून कधीही नाही. आणि जेथे कागद मुके आहेत तेथे गोधडी, गाणे, घरातील आठवण हीही साधने मानावीत. हबसाण हे माणसांच्या नावावरून पडलेले नाव आहे, आणि त्या माणसांत निम्म्या नसल्या तरी पुष्कळ स्त्रिया होत्या. त्यांच्या डोक्यावरचे केस जसे उगवले तसेच नीट होते, एवढे म्हणण्यापासून तरी त्यांचा इतिहास सुरू व्हावा.