केसपेपरावर वजन लिहा

आज १० ऑक्टोबर, जागतिक मानसिक आरोग्य दिन. मनाचे आजार लपवू नका, असे आज जागोजागी सांगितले जाईल. ते हवेच. आम्हाला मात्र, जे लपवत नाहीत, नेमाने गोळ्या घेतात, त्यांच्याविषयी बोलायचे आहे.

निरवांगीसारख्या नीराकाठच्या गावात स्किझोफ्रेनियाच्या तरुणाला ओलान्झापिन सुरू झाले की भास ओसरतात, झोप लागते आणि ‘पोरानं अंग धरलं’ म्हणून घर सुखावते. वजन वाढतच राहिले की तीच तोंडे म्हणतात, नुसता खातो अन् झोपतो. यात त्याचा हावरेपणा नसतो. ओलान्झापिन आणि क्लोझापिन मेंदूतले हिस्टामिन व सेरोटोनिनचे काही रिसेप्टर अडवतात. भूक खवळते, पोट भरल्याचे कळत नाही. पहिल्या काही महिन्यांत वजन भराभर चढते, मागोमाग रक्तातली साखर आणि चरबी. या आजाराची माणसे इतरांपेक्षा लवकर जातात, त्याचे एक मोठे कारण हृदयविकार आहे.

‘देवराई’ चित्रपटाने २००४ मध्ये हा आजार मराठी घरांत बोलता केला. गोळ्या लागू पडल्यानंतरचे आयुष्य मात्र अजून कुणी फारसे बोलत नाही. त्याच वर्षी अमेरिकेतल्या मधुमेह आणि मनोविकार तज्ज्ञांनी एकत्र येऊन सांगितले होते: गोळी सुरू करताना वजन घ्या, मग चौथ्या, आठव्या, बाराव्या आठवड्याला. साध्या काट्याचे काम. आमच्याकडे कारखान्यावर उसाची ट्रॉली काट्यावर चढल्याशिवाय गव्हाणीकडे जात नाही; माणसाचा केसपेपर मात्र या रकान्यात कोरा.

वजन लवकर ध्यानात आले तर डॉक्टर मेटफॉर्मिन देऊ शकतात, किंवा अॅरिपिप्राझोलसारखे वजन कमी वाढवणारे औषध पाहू शकतात. क्लोझापिनवरच सावरलेल्याला मात्र सहसा बदल परवडत नाही. घरच्यांनी ताटावरून टोमणे मारण्यापेक्षा दिवसभराचा गोड चहा मोजावा, फरसाण आणि थंड पेय घरात आणू नये, आणि संध्याकाळी त्याच्याबरोबर चालायला निघावे. एकट्याला ‘फिरून ये’ म्हटले तर तो जाणार नाही. गोळीने अंग जड असते, आणि गावाची नजर वेगळीच.

सगळ्यात मोठा धोका, वजनाला कंटाळून परस्पर गोळी सोडण्याचा. आजार उलटला तर पुन्हा सावरणे अवघड जाते. तसा विचार मनात आला तर आधी डॉक्टरांना गाठा. ते जमेना तर टेली मानसचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, रात्रीही लागतो.