विश्लेषण : डिस्क भरली आणि टोयोटाचे १४ कारखाने थांबले! भोसरी-चाकणच्या वर्कशॉपमधला पीसी साफ करताना काय सांभाळायचं?

२९ ऑगस्ट २०२३. जपानमधल्या टोयोटाच्या सगळ्या १४ असेंब्ली कारखान्यांतलं उत्पादन थांबलं. आधी सायबर हल्ल्याची शंका आली. कारण निघालं भलतंच साधं : सर्व्हरच्या डिस्कवर जागा उरली नव्हती.

तुमच्या पीसीवर सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली असेल, तर हा किस्सा तुमच्याही कामाचा आहे.

टोयोटात नेमकं काय झालं?

सुट्या भागांच्या ऑर्डर हाताळणाऱ्या यंत्रणेची देखभाल २७ ऑगस्टला सुरू होती. डेटाबेसमध्ये साचलेला जुना डेटा काढणं आणि उरलेला नीट लावणं, असं हे काम होतं. ते करतानाच डिस्कवरची जागा कमी पडली आणि यंत्रणा बंद पडली. बॅकअप होता, पण तोही त्याच यंत्रणेवर चालत होता. त्यामुळे तिथेही तोच बिघाड झाला. जास्त क्षमतेच्या सर्व्हरवर डेटा हलवल्यावर ३० ऑगस्टला कारखाने पुन्हा सुरू झाले.

यातून दोन गोष्टी कळतात. साफसफाई करायलाही मोकळी जागा लागते, त्यामुळे डिस्क काठोकाठ भरेपर्यंत थांबू नये. आणि मूळ फाइलच्या शेजारीच ठेवलेला बॅकअप ऐनवेळी उपयोगी पडत नाही.

चाकण-भोसरीशी याचा काय संबंध?

साठा करून न ठेवता, लागेल तेव्हा लागेल तेवढाच माल मागवायचा, ही पद्धत टोयोटानं रूढ केली. आज चाकणच्या मोठ्या वाहन कंपन्यांना माल देणारे पुरवठादारही अशाच वेळापत्रकावर धावतात. भोसरी, तळवडे, चाकणमधल्या लहान वर्कशॉपमध्ये मात्र ड्रॉइंग, सीएनसीचे प्रोग्रॅम, टॅली, ई-इनव्हॉइस आणि ई-वे बिल हे सगळं अनेकदा एकाच पीसीवर असतं. तो अडला की माल तयार असूनही टेम्पो गेटच्या आत उभा राहतो.

हा प्रश्न आत्ताच का?

विंडोज १० ला मिळणारा नेहमीचा मोफत सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ साठी किमान ६४ जीबी स्टोरेज लागतं आणि अपडेट उतरवायला वर मोकळी जागा हवी. १२८ जीबीच्या एसएसडीवर ती सहज मिळत नाही. मग ‘जागा अपुरी’ असा मेसेज येतो आणि घाईघाईत दिसेल ते डिलीट होतं. नुकसान होतं ते इथेच.

बिनधास्त काय काढता येतं?

सेटिंग्जमध्ये सिस्टिम आणि मग स्टोरेज उघडा. कशानं किती जागा खाल्ली, ते तिथे दिसतं. ‘टेम्पररी फाइल्स’मध्ये जुन्या अपडेटचा कचरा, थंबनेल आणि रिसायकल बिन असतं. रिसायकल बिनमध्ये टाकलेली फाइल जागा अडवूनच बसलेली असते. ते एकदा नजरेखालून घाला आणि मगच रिकामं करा.

याच यादीत ‘डाउनलोड्स’ही असतं. त्यावर टिक करण्याआधी थांबा. ग्राहकानं मेलवर पाठवलेलं ड्रॉइंग बऱ्याचदा तिथेच पडलेलं असतं.

विंडोज नुकतंच अपडेट केलं असेल तर ‘प्रीव्हियस विंडोज इन्स्टॉलेशन’ बरीच जागा घेतं. ते काढलं की जुन्या विंडोजवर परत जाता येत नाही. त्यामुळे मशीनची सॉफ्टवेअर आणि प्रिंटर नीट चालतात का, हे आधी तपासा.

कशाला हात लावायचा नाही?

‘विंडोज’ आणि ‘प्रोग्रॅम फाइल्स’ या फोल्डरमधून हातानं काहीही डिलीट करू नका. नको असलेलं सॉफ्टवेअर अनइन्स्टॉल करूनच काढा. टॅलीप्राइमचा डेटा अनेकदा सी ड्राइव्हवरच, ‘पब्लिक’ नावाच्या फोल्डरमध्ये असतो. नाव बघून तो फालतू वाटू शकतो, पण वर्षभराचा हिशेब त्यातच असतो.

थ्रीडी डिझाइनची असेंब्ली फाइल तिच्या पार्ट फाइलवर अवलंबून असते. ‘डबल दिसतेय’ म्हणून एक पार्ट फाइल उडवली, तर पूर्ण असेंब्ली नीट उघडत नाही.

वनड्राइव्हमध्येही एक सापळा आहे. ‘फ्री अप स्पेस’ केलं तर फाइल फक्त पीसीवरून जाते, क्लाउडवर राहते. ‘डिलीट’ केलं तर ती दोन्हीकडून जाते.

फुकटातल्या ‘क्लीनर’ सॉफ्टवेअरपासूनही जपून. २०१७ मध्ये सीसीक्लीनर या प्रसिद्ध सॉफ्टवेअरच्या अधिकृत आवृत्तीतच हॅकर्सनी घातक कोड घुसवला होता. ती आवृत्ती सुमारे २२ लाख ७० हजार वापरकर्त्यांपर्यंत पोहोचली होती.

जुन्या फाइल किती वर्षं जपायच्या?

‘पाच वर्षांपूर्वीचं आहे, काढून टाक’ हा सल्ला महागात पडू शकतो.

• जीएसटीच्या नोंदी : त्या वर्षाच्या वार्षिक रिटर्नच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने.
• कंपनी कायद्याखाली नोंदलेल्या कंपनीची हिशेबाची पुस्तकं : किमान ८ आर्थिक वर्षं. ती संगणकावर असतील तर भारतातल्या सर्व्हरवर रोजचा बॅकअपही बंधनकारक आहे.
• आयएटीएफ १६९४९ प्रमाणपत्र असलेल्या पुरवठादारांसाठी : पार्टच्या मंजुरीची कागदपत्रं, टूलिंगच्या नोंदी, डिझाइनच्या नोंदी आणि पर्चेस ऑर्डर, तो पार्ट उत्पादनात किंवा सर्व्हिससाठी चालू असेपर्यंत आणि त्यापुढे एक कॅलेंडर वर्ष. ग्राहकानं वेगळी मुदत दिली असेल तर ती पाळायची.

म्हणजे बंद झालेल्या मॉडेलचा पार्ट सर्व्हिससाठी जात असेल, तर त्याचं ड्रॉइंग अजून ‘जुनं’ झालेलं नाही.

मग जागा करायची कशी?

क्रम उलटा करा. आधी कॉपी, मग तपासणी, शेवटी डिलीट. महत्त्वाचे फोल्डर बाहेरच्या हार्ड डिस्कवर घ्या. त्यातल्या चार-पाच फाइल दुसऱ्या पीसीवर उघडून बघा, कारण कॉपी अर्धवट झाली असेल तर ते तेव्हाच कळतं. दुसरी प्रत क्लाउडवर किंवा घरी ठेवा. सी ड्राइव्हवरून डी ड्राइव्हवर हलवणं म्हणजे बॅकअप नाही. बहुतेक वेळा दोन्ही एकाच डिस्कचे भाग असतात आणि डिस्क गेली की दोन्ही जातात.

एसएसडीवरून डिलीट झालेली फाइल परत मिळण्याची शक्यता जुन्या हार्ड डिस्कपेक्षा खूपच कमी असते. त्यामुळे ‘नंतर रिकव्हर करू’ या भरवशावर राहू नका.

महिन्याअखेरीच्या बिलिंगच्या धावपळीत हे काम काढू नका. सुट्टीच्या दिवशी, मशीन बंद असताना निवांत करा. सी ड्राइव्हचा साधारण पाचवा हिस्सा कायम मोकळा राहील, असं बघा. आणि सोमवारी पहिलं इनव्हॉइस निघाल्यावरच बाहेरची हार्ड डिस्क कपाटात ठेवा.