अंध विद्यार्थ्याच्या लॅपटॉपचे पैसे कोण देणार? बीडमध्ये निधी कुठे आणि कसा मागायचा

ब्रेल, रेकॉर्डिंग आणि लेखनिकाच्या भरवशावर शिकलेली अंध मुलगी बारावी पास होते. बीड, अंबाजोगाई किंवा परळीच्या महाविद्यालयात प्रवेश घेते. इथे नोट्स व्हॉट्सॲपवर पीडीएफमध्ये येतात, परीक्षेचा अर्ज ऑनलाइन भरायचा असतो, असाइनमेंट टाइप करून द्यायची असते. कॉम्प्युटरची खरी गरज आता सुरू होते. आणि नेमकी याच सुमारास ती १८ वर्षांची होते.

हे वय महत्त्वाचे आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ मधील कलम १७ नुसार ४० टक्के किंवा त्याहून अधिक दिव्यांगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना पुस्तके, शैक्षणिक साहित्य आणि योग्य सहाय्यक साधने मोफत द्यायची आहेत, पण वयाच्या १८ वर्षांपर्यंतच. गरज वाढते तिथेच मोफत साधनाचा हा हक्क संपतो. पुढे अर्ज करावा लागतो, समोरच्याला पटवून द्यावे लागते.

फोन आहे ना, मग लॅपटॉप कशाला?

कार्यालयात हा प्रश्न हमखास येतो. अँड्रॉइड फोनमधील टॉकबॅक स्क्रीनवरचा मजकूर वाचून दाखवते, मेसेज आणि बातम्यांसाठी ते पुरते. पण वीस पानांचे टिपण लिहिणे, त्यातला एक परिच्छेद शोधून दुरुस्त करणे, एक्सेलच्या तक्त्यात रकाना-रकाना फिरणे, यासाठी कीबोर्ड आणि स्क्रीन रीडर असलेला कॉम्प्युटरच लागतो. बँक आणि सरकारी भरतीच्या अनेक परीक्षाही आता कॉम्प्युटरवर होतात. डोळस विद्यार्थी वही आणि फोन दोन्ही वापरतो. अंध विद्यार्थ्यासाठी लॅपटॉप हीच वही असते.

उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांची दृष्टी वयाच्या सहाव्या वर्षी गेली. स्क्रीन रीडरच्या मदतीने अभ्यास करून त्यांनी २०१६ च्या केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत १२४ वा क्रमांक मिळवला आणि त्या आयएएस झाल्या.

खर्च खरोखर किती?

वाटतो त्यापेक्षा कमी. जॉजसारखे स्क्रीन रीडर महाग आहेत. मात्र ऑस्ट्रेलियातील मायकल करन या अंध तरुणाने २००६ मध्ये सुरू केलेले एनव्हीडीए पूर्णपणे मोफत आहे. ते विंडोजवर चालते आणि मराठीही वाचते. त्यामुळे सॉफ्टवेअरचा खर्च शून्यावर येतो. उरतो तो साधा लॅपटॉप, हेडफोन आणि काही आठवड्यांचे प्रशिक्षण.

तरीही ऊसतोड मजुराच्या किंवा कोरडवाहू शेतकऱ्याच्या घराला ही रक्कम झेपत नाही. शाळकरी मुलांसाठी समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या विद्यार्थ्यामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. त्यात लॅपटॉप बसत नाही.

मग पैसा कुठे आहे?

पहिले दार ग्रामपंचायत, नगरपालिका आणि जिल्हा परिषदेचे. महाराष्ट्रात स्थानिक स्वराज्य संस्थांनी स्वतःच्या उत्पन्नातील ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा आहे. छोट्या ग्रामपंचायतीचे उत्पन्नच तुटपुंजे असते, म्हणून लॅपटॉपसाठी जिल्हा परिषदेकडे जाणे अधिक व्यवहार्य.

दुसरे दार केंद्राच्या एडिप योजनेचे. १९८१ पासून सुरू असलेल्या या योजनेत कुटुंबाचे मासिक उत्पन्न २२,५०० रुपयांपर्यंत असेल तर साधनाचा पूर्ण खर्च, ३०,००० पर्यंत असेल तर निम्मा खर्च मिळतो. कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी त्यासाठी तपासणी शिबिरे घेते. बीडची अडचण वेगळी आहे. शिबिर ऊसतोडीच्या हंगामात लागले आणि कुटुंब पश्चिम महाराष्ट्रात किंवा कर्नाटकात फडावर असले, तर नाव राहून जाते.

तिसरे दार कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचे. कंपनी कायदा, २०१३ नुसार ठरावीक मर्यादेवरील कंपन्यांनी तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के समाजकार्यावर खर्च करायचे असतात. दिव्यांगांचे शिक्षण त्यात बसते.

फाइल अडते कुठे?

सायकल, काठी, श्रवणयंत्र ही साधने अधिकाऱ्याला दिसतात, समजतात. लॅपटॉप मात्र चैनीची वस्तू वाटतो. ‘दिसतच नाही तर स्क्रीन कशाला?’ असा प्रश्न पडतो, कारण बोलणारा कॉम्प्युटर त्याने कधी पाहिलेला नसतो. त्यात बीडची आणखी एक पार्श्वभूमी आहे. जिल्हा परिषद शिक्षकांच्या बदल्यांत बोगस दिव्यांग प्रमाणपत्रांचे प्रकरण गाजले, फेरतपासणी झाली, निलंबने झाली. ती कारवाई योग्यच होती. पण लबाडी केली दुसऱ्यांनी आणि संशयाची नजर खऱ्या अंध विद्यार्थ्याच्या अर्जावर पडली, असे होता कामा नये.

पटवायचे कसे?

अमेरिकेत १९७३ च्या पुनर्वसन कायद्याखाली चालणाऱ्या संस्था आधी नोकरीचे ध्येय लिहून घेतात आणि त्या ध्येयाला लागणारी साधने योजनेत मांडतात. ही पद्धत इथेही उपयोगी पडते. ‘लॅपटॉप द्यावा ही विनंती’ एवढ्यावर अर्ज संपवू नये. त्यात पुढील गोष्टी असाव्यात:

१. यूडीआयडी कार्ड, उत्पन्नाचा दाखला आणि चालू वर्षाचे बोनाफाइड.
२. प्राचार्यांचे पत्र: अभ्यासक्रम कोणता, त्यातली कोणती कामे कॉम्प्युटरशिवाय होत नाहीत.
३. फोन का पुरत नाही, हे दोन-तीन उदाहरणांसह.
४. खर्चाचा तपशील: लॅपटॉप, हेडफोन, प्रशिक्षण, स्क्रीन रीडरपुढे ‘० रुपये’.
५. शिक्षण संपल्यावर कोणती नोकरी किंवा परीक्षा समोर आहे.

जमल्यास मित्राचा लॅपटॉप सोबत न्यावा आणि एनव्हीडीए लावून तोच अर्ज अधिकाऱ्यासमोर वाचून दाखवावा. दोन मिनिटांच्या या प्रात्यक्षिकाने बरेच प्रश्न संपतात.

नकार आला तर?

अर्जाची पोच घ्यावी आणि उत्तर लेखी मागावे. उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकारात ५ टक्के निधीचा खर्च विचारता येतो. ३० दिवसांत माहिती देणे बंधनकारक आहे. पुढची पायरी राज्याचे दिव्यांग आयुक्त. त्यांनी शिफारस केल्यास काय कारवाई केली, हे संबंधित कार्यालयाला तीन महिन्यांत कळवावे लागते. सर्वोच्च न्यायालयानेही ३० एप्रिल २०२५ च्या निकालात डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणे हा कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचा भाग मानला आहे.

लॅपटॉप मिळाला की काम संपले?

नाही. श्री-लिपीसारख्या जुन्या फॉण्टमधला मराठी मजकूर स्क्रीन रीडरला अगम्य अक्षरांसारखा दिसतो. स्कॅन केलेली पीडीएफ त्याच्यासाठी नुसते चित्र असते. अनेक शासकीय परिपत्रके, प्राध्यापकांच्या नोट्स आणि वर्तमानपत्रांच्या ई-पेपरची पानेही यात येतात. मजकूर युनिकोडमध्ये दिला तर हा अडथळा एक रुपयाही खर्च न करता दूर होतो.

जिल्हा परिषदेने ठरवले तर तीन गोष्टी याच वर्षी होऊ शकतात. ५ टक्के निधीच्या साहित्य यादीत लॅपटॉपचे नाव घालावे. अकराही तालुक्यांत किमान एका महाविद्यालयाच्या ग्रंथालयात एनव्हीडीए असलेला कॉम्प्युटर आणि तो शिकवणारा माणूस असावा. तपासणी शिबिरांच्या तारखा ऊसतोडीचा हंगाम पाहून ठरवाव्यात. कायद्यातील १८ वर्षांची मर्यादा दिल्लीत बदलेल तेव्हा बदलेल. तोवर १९ वर्षांच्या विद्यार्थिनीने कुणाच्या दयेवर किती काळ थांबायचे, हे ठरवणे जिल्ह्याच्या हातात आहे.