बँड ओळखावा मागच्या फळीवरून

छोट्या जॅझ बँडमध्ये वादकांच्या दोन फळ्या असतात. पुढे ट्रम्पेट, सॅक्सोफोन, क्वचित ट्रॉम्बोन. मागे पियानो, डबल बास आणि ड्रम. मागच्या तिघांना मिळून ऱ्हिदम सेक्शन म्हणतात. रेकॉर्डच्या वेष्टनावर फोटो बहुतेक वेळा पुढच्यांचा असतो आणि रसिकांचे पंथही त्यांच्याच नावाने पडतात. कोणी पार्करचा, कोणी कोल्ट्रेनचा. बँडचा कस मात्र मागच्या फळीत लागतो. एखादा संच वर्षानुवर्षे ऐकावासा वाटतो आणि त्याहून मोठ्या नावांचा दुसरा लवकर संपतो, याचे कारण शोधायचे तर आधी बास आणि ड्रमकडे कान द्यावा. हा कल एकांगी आहे, आणि त्याला एक भलामोठा अपवादही आहे.

पहिला नमुना कॅन्सस सिटीतून वर आलेल्या काउंट बेसी यांच्या ऑर्केस्ट्राचा. १९३७ मध्ये गिटारवादक फ्रेडी ग्रीन दाखल झाले आणि पियानोवर स्वतः बेसी, बासवर वॉल्टर पेज, ड्रमवर जो जोन्स अशी चौघांची फळी पुरी झाली. तोवर ड्रमर मुख्यतः पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमवर लय ठोकत. जोन्स यांनी ती हाय-हॅटच्या झांजांवर नेली. खालच्या सुरांतली गर्दी त्यामुळे हटली आणि पेज यांचा मात्रेमात्रेला पाऊल टाकणारा बास स्वच्छ ऐकू येऊ लागला. ग्रीन विजेची जोड नसलेल्या गिटारवर दर मात्रेला एक कॉर्ड छेडत. ती गिटार ऐकू येण्यापेक्षा जाणवते. थांबली तर चटकन कळावे अशी. सोलोच्या वाटेला ते जवळपास गेलेच नाहीत आणि १९८७ पर्यंत, म्हणजे बेसी गेल्यानंतरही, त्याच खुर्चीवर बसले. तिघांनी लय इतकी नीट वाटून घेतल्यावर पियानोवर लय धरण्याची गरजच उरली नाही. बेसींनी ते ओळखले आणि मोजकेच स्वर टाकून बाकी जागा रिकामी सोडली. एकाने केलेले काम दुसऱ्याने पुन्हा करायचे नाही, हा या फळीचा अलिखित नियम होता.

याच्या उलट टोकाला टोरोंटोच्या मॅसी हॉलमधली १५ मे १९५३ ची मैफल आहे. चार्ली पार्कर, डिझी गिलेस्पी, बड पॉवेल, चार्ल्स मिंगस आणि मॅक्स रोच. बीबॉप या जॅझ शैलीच्या काळातली कागदावर याहून मोठी यादी करणे अवघड. त्या रात्रीचे ध्वनिमुद्रण आजही आदराने ऐकले जाते, आणि पार्कर यांनी प्लास्टिकच्या सॅक्सोफोनवर वाजवलेल्या लकेरी अफाटच आहेत. पण ऐकू येतात ते एकापाठोपाठ एक पाच थोर वादक. बास इतका दबला होता की मिंगस यांना नंतर स्टुडिओत आपला भाग पुन्हा वाजवून त्यावर चढवावा लागला. तो दोष ध्वनिमुद्रणाचा, हे खरे. तरी एका रात्रीपुरता जमवलेला संच आणि रोज एकत्र वाजवणारा संच यांतला फरक लपत नाही.

रोज वाजवल्याने काय होते, याचा पुरावा माइल्स डेव्हिस यांच्या पहिल्या क्विंटेटने ठेवला आहे. १९५५ मध्ये त्यांनी जॉन कोल्ट्रेन, रेड गार्लंड, पॉल चेम्बर्स आणि फिली जो जोन्स यांना एकत्र केले. चेम्बर्स तेव्हा जेमतेम विशीचे होते आणि कोल्ट्रेन यांना फारसे कोणी ओळखत नव्हते. प्रेस्टिज कंपनीशी झालेला जुना करार पुरा करण्यासाठी १९५६ मध्ये मे आणि ऑक्टोबरातल्या दोन दिवसांत या पाच जणांनी चार लाँगप्ले रेकॉर्डना पुरेल इतके संगीत वाजवले, तेही बहुतांशी पहिल्याच प्रयत्नात. जागा होती हॅकेन्सॅक गावातली, ध्वनिमुद्रक रूडी व्हॅन गेल्डर यांच्या आईवडिलांच्या घराची बैठकीची खोली. क्लबमध्ये रात्रीमागून रात्र तीच गाणी वाजवलेली असल्याने तालमीची गरजच नव्हती.

या संचाची खुबी विरोधात आहे. डेव्हिस कमी बोलतात, कोल्ट्रेन थांबतच नाहीत. दोघेही मितभाषी असते तर मैफल निस्तेज झाली असती, दोघेही बोलके असते तर असह्य. हा विरोध सांभाळतो तो ड्रमर. ट्रम्पेटच्या मागे फिली जो बऱ्याचदा ब्रश वापरून हात आखडता घेतात. सॅक्सोफोन सुरू होताच काठ्या उचलतात आणि त्याच लयीत आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटतो. बासवर चेम्बर्स मधे बसून लय जराही ढळू देत नाहीत.

असे संच घडायला रोजचे काम देणारी जागा लागते. न्यूयॉर्क-शिकागोच्या क्लबांनी ती दिली. मुंबईत ती ताजमहाल हॉटेलसारख्या नाचघरांनी दिली. गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांचा बँड तिथेच नावारूपाला आला, आणि सी. रामचंद्र यांच्या ‘अलबेला’ (१९५१) मध्ये तो पडद्यावरही दिसतो.

डेव्हिस यांच्या १९५९ च्या ‘काइंड ऑफ ब्लू’ या रेकॉर्डबद्दल इतके लिहिले गेले आहे की इथे एकच गोष्ट पुरे. पियानोवर बिल इव्हान्स असताना एका ब्लूजसाठी डेव्हिस यांनी विंटन केली यांना बसवले. इव्हान्स यांचे धूसर कॉर्ड त्या चालीला नको होते. संच निवडणे म्हणजे उत्तम माणूस शोधणे नव्हे, त्या जागेला लागू पडणारा शोधणे.

या सदराचा कौल मात्र डेव्हिस यांच्या दुसऱ्या क्विंटेटला आहे. १९६३ मध्ये हर्बी हॅनकॉक, रॉन कार्टर आणि टोनी विल्यम्स ही मागची फळी बसली. ड्रमर विल्यम्स फक्त १७ वर्षांचे होते. सॅक्सोफोनची खुर्ची मात्र स्थिरावेना. जॉर्ज कोलमन गेले, सॅम रिव्हर्स थोडे दिवस आले, आणि १९६४ च्या शरदात आर्ट ब्लेकी यांच्याकडून वेन शॉर्टर आले तेव्हा संच जुळला. इथे सॅक्सोफोनवादक मागच्या तिघांना शोभेल असा निवडावा लागला, हा क्रमच उलटा आहे. डिसेंबर १९६५ मध्ये शिकागोच्या ‘प्लग्ड निकल’ क्लबात हे वादक जुनीच गाणी वाजवतात, पण अपेक्षा असेल तिथे नेमके ते करायचे नाही असे आपसांत ठरवून. चढत जाणारा सोलो ऐन टोकावर साथ काढून घेतल्याने उघडा पडतो. पुढे १९६७ मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘नेफर्टिटी’त तर ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन तीच चाल शेवटपर्यंत घोळवत राहतात आणि खरे वादन विल्यम्स यांचे चालते. एकल तबल्याला लेहरा धरावा तसा हा प्रकार. मागची फळी पुढे येण्याची याहून पुढची पायरी नाही.

आता अपवाद. ड्यूक एलिंग्टन यांच्या ऑर्केस्ट्राला ही कसोटी लागत नाही. तिथला ठेका कधी अप्रतिम, कधी नुसता ठीक. सगळी जादू पुढच्या वाद्यांत. एलिंग्टन वाद्यासाठी नव्हे, माणसासाठी लिहीत. त्यांच्या हस्तलिखितांत ‘दुसरा सॅक्सोफोन’ऐवजी वादकाचे नाव सापडते. हॅरी कार्नी यांचा बॅरिटोन सॅक्सोफोन १९२७ पासून १९७४ मध्ये एलिंग्टन जाईपर्यंत तिथे होता. जॉनी हॉजेस १९२८ मध्ये आले आणि मधली चारेक वर्षे वगळता १९७० मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिले. इतकी माणसे पोसायला पैसा लागतो. त्यासाठी एलिंग्टन आपल्या रचनांचे मानधन बँडमध्ये ओतत.

जुळलेले संच मोडतात कसे, तेही लयीच्या वाटणीतच दिसते. मॅकॉय टायनर, जिमी गॅरिसन आणि एल्विन जोन्स यांच्यासह कोल्ट्रेन यांनी डिसेंबर १९६४ मध्ये ‘अ लव्ह सुप्रीम’ वाजवले. वर्षभरात त्यांनी रशीद अली यांना दुसरा ड्रमर म्हणून घेतले. त्या गजरात टायनर यांना स्वतःचा पियानो ऐकू येईना. ते बाहेर पडले, पाठोपाठ जोन्सही गेले. इव्हान्स यांच्या त्रिकुटाचे दैव वेगळे. स्कॉट लफारो यांनी बासला पियानोशी बरोबरीने बोलायला लावले. २५ जून १९६१ ला ‘व्हिलेज व्हॅनगार्ड’मध्ये त्यांचे ध्वनिमुद्रण झाले आणि अकरा दिवसांनी लफारो मोटार अपघातात गेले, वयाच्या पंचविशीत. इव्हान्स यांनी पुढे कित्येक महिने लोकांसमोर वाजवले नाही.

क्लब घटले तसे वर्षानुवर्षे टिकणारे संचही कमी झाले. कीथ जॅरेट, गॅरी पीकॉक आणि जॅक डिजॉनेट यांचे त्रिकूट मात्र १९८३ पासून २०१४ पर्यंत टिकले. या तिघांची पहिली एकत्र रेकॉर्ड १९७७ ची आहे, आणि तिच्यावर नेता म्हणून नाव आहे ते बासवादक पीकॉक यांचे.