अमेरिकेचा चौफुला

पुणे-सोलापूर रस्त्यावरचा चौफुला सगळ्यांना माहीत असतो. वाटा येऊन मिळतात, गाड्या थांबतात, तमाशाची थिएटरं चालतात, गावाचं नाव होतं. इंडियाना राज्यानं 1937 मध्ये स्वतःला जे बिरुद लावून घेतलं तेही याच जातीचं: 'अमेरिकेचा चौरस्ता'. फरक एवढाच, की इथल्या खेळाला तिकीट नाही, ढोलकी रात्रभर वाजते आणि फड आपल्याच उशाशी पडलेला असतो.

चार वर्षांपूर्वी पुण्याहून इंडियानापोलिसला आलो. शहराच्या कडेच्या एका उपनगरात घर घेतलं. नाव लिहीत नाही, कारण अजून तिथेच राहायचं आहे. घर दाखवणारा एजंट म्हणाला, "हायवे फक्त पाच मिनिटांवर." खोटं नव्हतं. हायवेलाही आमचं घर पाच मिनिटांवर होतं, एवढंच त्यानं सांगितलं नाही.

हे शहर काही शिकागो नाही. 2020 च्या जनगणनेत लोकसंख्या 8,87,642. म्हणजे पुण्याच्या मानानं मध्यम आकाराचं, शहाण्यासारखं झोपणारं गाव. पण त्याच्या छातीवर इंटरस्टेट 65, 69, 70 आणि 74 असे चार महामार्ग येऊन मिळतात आणि भोवती 465 नंबरचं 53 मैलांचं कडं आहे. 69 ची दक्षिणेकडची बाजू 2024 मध्ये या कड्याला जोडली, तेव्हा फिती कापल्या, भाषणं झाली. विमानतळावर फेडेक्सचा देशातला दुसऱ्या क्रमांकाचा तळ 1988 पासून आहे. पश्चिमेला प्लेनफील्ड, वायव्येला व्हाइट्सटाउन: काल मक्याची शेतं होती तिथे आज खिडकी नसलेली पांढरी गोदामं आहेत. एकेक इतकं लांब, की त्याला वळसा घालून चालून या, सकाळचा व्यायाम होतो.

मी नोकरीसाठी 65 वरून दक्षिणेला कोलंबसला जातो. हे कोलंबस म्हणजे डिझेल इंजिनांची पंढरी. कमिन्सची स्थापना इथे 1919 मध्ये झाली, 1962 मध्ये पुण्यात किर्लोस्कर कमिन्स उभी राहिली आणि तेव्हापासून कोथरूडचा मराठी माणूस इथल्या मक्याच्या रानात येऊन पोहे करतो आहे. मी कमिन्समध्ये नाही, पण इंजिनांच्या सुट्या भागांच्याच धंद्यात आहे. हे आधीच सांगून टाकतो, नाहीतर तुम्हीच शेवटी म्हणाल की याची चूल डिझेलवर पेटते आणि हा धुराच्या नावानं बोंबलतो. पेटते. म्हणूनच बोंबलतो. बाहेरच्याला या धुराचा हिशेब कळत नाही.

रोजचा प्रवास असा. या रस्त्याला काही पट्ट्यांत प्रत्येक दिशेला दोनच लेन, शिवाय रुंदीकरणाची नारंगी पिंपं आमच्याच घरची असल्यासारखी कायम वस्तीला. पुढे एक ट्रेलर, त्याचा गव्हर्नर 65 मैलांवर बांधलेला. मागच्याचा 66 वर. मागच्याला पुढे जायचं असतं. तो डावीकडे येतो. आता ताशी एका मैलाच्या फरकानं सत्तर फुटी धूड सत्तर फुटी धुडाला ओलांडणार. गणित करून पाहा, दीड मिनिटाहून जास्त लागतं, तेवढ्यात पावणेदोन मैल संपतात. मागे आम्ही साठ-सत्तर गाड्या, वरातीत नवरदेवाची घोडी अडून बसल्यासारख्या. हिवाळ्यात तर ट्रेलरच्या चाकांखालचा मीठमिश्रित काळा चिखल काचेवर येऊन आदळतो आणि दोन सेकंद तुम्ही शब्दशः आंधळे असता. वायपर फिरेपर्यंत जो देव आठवतो तेच खरं कुलदैवत समजावं. गेल्या उन्हाळ्यात एका रिमोल्ड टायरची साल सुटून माझ्या बंपरवर आली. विमा कंपनीचा पहिला प्रश्न: "ट्रकचा नंबर घेतलात का?" हो, घेतला ना, थांबून चहाही प्यायलो त्याच्याबरोबर.

पण रस्त्यावरचं रस्त्यावर राहतं. रात्रीचं घरात येतं. दोन वाजता उतारावरून कोणीतरी मशीनगन चालवल्यासारखा आवाज येतो: तडतडतडतड. हा जेक ब्रेक. इंजिनाचाच ब्रेक करायचा, सिलिंडरमध्ये दाबलेली हवा ऐन वेळी सोडून द्यायची, म्हणजे चाकांचे ब्रेक तापत नाहीत. यामागची कथा मला कोलंबसला आल्यावर कळली. कमिन्सचे संस्थापक क्लेसी कमिन्स 1931 मध्ये डिझेल ट्रक घेऊन देश ओलांडत असताना कॅलिफोर्नियाच्या कहोन घाटात त्यांचे ब्रेक निकामी झाले, थोडक्यात वाचले. ती भीती डोक्यात ठेवून पुढे त्यांनी हा ब्रेक शोधला आणि 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जेकब्स कंपनीनं तो बाजारात आणला. शोध अस्सल आहे, घाटात त्यानं असंख्य जीव वाचवले असतील. माझी तक्रार वेगळी आहे. इंडियानात घाट कुठे आहे? आमच्याकडे उतार म्हणायचा तो फक्त हायवेवरून खाली येणारा एक्झिट. तो उतरून गोदामाकडे वळताना, पुढे लाल सिग्नल आहे हे अर्ध्या मैलावरून दिसत असताना, खंबाटकी घाट उतरल्याचा थाट कशाला?

आता पैशाचं बोलू. 1958 ते 1960 या काळात इलिनॉयमधल्या ओटावा गावाजवळ मुद्दाम रस्ते बांधून लष्कराच्या ड्रायव्हरांकडून त्यांवर ट्रक गोल गोल फिरवले गेले, कोणत्या वजनानं रस्ता किती फाटतो ते पाहायला. त्यातून निघालेला ठोकताळा जगभरचे अभियंते आजही वापरतात: ॲक्सलवरचं वजन वाढलं की रस्त्याचं नुकसान साधारण त्याच्या चौथ्या घातानं वाढतं. माझ्या कारच्या ॲक्सलवर दोन हजार पौंड धरा, भरलेल्या ट्रेलरच्या एकेका मागच्या ॲक्सलवर सतरा हजार. वजन साडेआठ पट, नुकसान पाच हजार पटींहून जास्त. आणि वसुली? केंद्राचा डिझेलवरचा कर गॅलनला 24.4 सेंट, 1993 पासून तसाच. अवजड वाहनांचा वार्षिक वापरकर जास्तीत जास्त 550 डॉलर, 1984 च्या कायद्यात ठरला तेवढाच. चाळीस वर्षांत दूध वाढलं, घरं वाढली, माझं टक्कल वाढलं, हा आकडा हलला नाही. 36 टनांचा गाडा वर्षभर काँक्रीट कुटणार आणि वापरकर देणार 550 डॉलर. खड्डा पडला की पैसे सगळ्यांच्या खिशातून. आंधळं दळतं आणि कुत्रं पीठ खातं, फक्त इथे कुत्र्याला अठरा चाकं आहेत.

इथपर्यंत वाचून ड्रायव्हरला शिव्या घालायला तोंड उघडलं असेल तर मिटा. मीही घालायचो. शहराच्या दक्षिणेला पंजाबी शीख मंडळींची मोठी वस्ती आहे, त्यातले कितीतरी ट्रक चालवतात. एका ट्रक स्टॉपवर राजमा-चावल खाताना एक पाजी शेजारी बसले. मी सुरुवातीलाच चिडून विचारलं, "पाजी, रात को दो बजे ही क्यों आते हो?" ते हसले. म्हणाले, गोदामवाल्यांनी सहाची वेळ दिली तर मी आठला पोचून चालत नाही, आणि चारला पोचलो तर आत घेत नाहीत. मग कुठे थांबू, तुमच्या अंगणात?

नियम त्यांनी बोटांवर मोजून दाखवला: चौदा तासांच्या खिडकीत अकरा तास गाडी चालवायची, घड्याळ यंत्रात बांधलेलं, थापा चालत नाहीत. नियम चांगलाच आहे. पण पैसे मैलांवर मिळतात. गोदामाच्या दारात चार तास ताटकळलं, की ते चार तास घड्याळातून जातात, खिशात मात्र बरेचदा काही येत नाही. ओव्हरटाइम? 1938 च्या ज्या कायद्यानं अमेरिकन कामगाराला ओव्हरटाइम दिला, त्याच कायद्यानं ट्रक ड्रायव्हरला त्यातून वगळलं, आणि ते वगळणं अजून चालू आहे. म्हणून घड्याळ संपत आलं की माणूस एक्झिटच्या कडेला, आमच्या शाळेच्या रस्त्यावर, मिळेल तिथे ट्रेलर लावतो आणि इंजिन चालू ठेवून झोपतो, कारण बाहेर उणे पंधरा आहे. त्यानं तरी काय करावं? चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

चोर कुठे बसतो ते मला आमच्या नगरमंडळाच्या सुनावणीत दिसलं. आणखी एक गोदाम येणार होतं, मालमत्ता करात दहा वर्षांची सवलत मागत होतं. नागरिकांना बोलायला माणशी तीन मिनिटं. विकासकाच्या वकिलाला, मी घड्याळ लावलं होतं, बत्तीस. त्यांनी वाहतुकीचा अहवाल दाखवला. रोजच्या फेऱ्या मोजल्या होत्या, पण रात्रीच्या वेगळ्या नव्हत्या. मी उठून विचारलं, "रात्री अकरा ते पाच किती?" ते म्हणाले, उत्तम प्रश्न आहे. उत्तर आलं नाही. मी पुढे विचारलं, की ट्रेलरच्या पोटाखाली सायकलस्वार आणि पादचारी जाऊ नयेत म्हणून बाजूला जाळ्या लावणं युरोपात 1989 च्या नियमापासून चालत आलंय, इथे अजून सक्ती नाही, तर निदान या गोदामात येणाऱ्या गाड्यांना तुम्ही अट घालाल का? अध्यक्षांनी सौजन्यानं सांगितलं, तो केंद्राचा विषय आहे. रस्ता राज्याचा, ट्रक केंद्राचा, गोदाम खासगी. गावाचं काय? गावाचा फक्त कर, आणि तोही माफ केलेला. सवलत सहा विरुद्ध एक मतांनी मंजूर झाली. तो एक सभासद त्याच रस्त्यावर राहतो.

आणि दुसरा काही मार्गच नाही, हे सांगू नका. शहराच्या मधोमध 65 आणि 70 ज्या 'नॉर्थ स्प्लिट'वर मिळतात, तो 2021 पासून दोनेक वर्षं नव्यानं बांधला गेला. तोवर तो पट्टा बंद, ट्रक 465 च्या कड्यावरून. शहर मेलं नाही. दुकानं उघडली, सामने झाले. ज्या रस्त्यासाठी 1960-70 च्या दशकांत हजारो माणसांची घरं पाडली, तो बंद ठेवून गाव व्यवस्थित जगलं. मग तो पुन्हा सुरू झाला आणि परराज्यात निघालेला माल परत गावाच्या पोटातून जाऊ लागला. प्रवासी रेल्वेचं विचाराल तर शिकागोची जी गाडी होती ती जून 2019 मध्ये बंद केली. आता उरलेली एक गाडी आठवड्यातून तीन दिवस येते. ट्रकसाठी मात्र लेन वाढवायला पैसे आहेत.

आमच्या मराठी मंडळात हा विषय काढला की दोन प्रतिक्रिया येतात. पहिली: "अरे, पुण्यातल्या नवले पुलापेक्षा बरं ना?" बरं आहे. पण नवले पूल ही काय मोजपट्टी झाली? दुसरी, जास्त शहाण्यांची: "हा विकास आहे." असं म्हणणाऱ्या एका काकांच्या दारात मी एकदा पाच खोकी मोजली. एकात कुकरची रबरी रिंग. एक रिंग, एक खोकं, दोन दिवसांत दारात. माझ्याही दारात असतात. मागच्या महिन्यात मी हिंगाची डबी मागवली, जी इंडियन ग्रोसरीत दहा मिनिटांवर मिळते. त्या डबीचा ट्रक रात्री दोनला तडतडत आला असेल आणि मी पलंगावर उठून त्यालाच शिव्या दिल्या असतील.

इकडे बदलीवर येऊ घातलेले पुणेकर मला फोन करून विचारतात, घर कुठे घ्यावं. त्यांना आणि त्यांच्यासारख्या सगळ्यांना सांगतो. दुपारी एजंटबरोबर जाऊ नका. रात्री दोनला, एकटे, गाडीच्या काचा खाली करून त्या घरासमोरच्या रस्त्यावर वीस मिनिटं उभे राहा. मग नगरमंडळाकडून झोनिंगचा नकाशा मागा आणि शेजारचं मक्याचं शेत कोणत्या रंगात रंगवलंय ते बघा. औद्योगिक असेल तर शेत समजू नका. ते गोदाम आहे, फक्त अजून बांधलेलं नाही.